सूर्यास्तापासून उलटं मोजा : सोलापूरहून जयगड आणि रत्नदुर्गाच्या दीपगृहांची सहल

रत्नागिरीचं दीपगृह मी पहिल्यांदा पाहिलं ते भर दुपारी बारा वाजता. सोलापूरहून रात्रभर गाडी चालवून पोचलो होतो, डोळे चुरचुरत होते. फाटकाशी गेल्यावर कळलं की पाहुण्यांना आत सोडायची वेळ दुपारनंतरची आहे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिने मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाबा, दिवा कुठाय?" वरच्या काचांना आतून पडदे लावलेले होते. दिसत होता तो फक्त रंगवलेला उंच खांब. गणपतीपुळ्याला जायची घाई होती म्हणून आम्ही तसेच निघालो.

त्यानंतर तीनदा जाऊन आलो आणि सहलीची आखणी हळूहळू बसत गेली. तिचं सूत्र एकच आहे : दीपगृह पाहायचं म्हणजे त्याचा दिवा लागताना पाहायचा. मनोऱ्यावर चढणं, फोटो, वारा हे सगळं आहेच, पण ज्या कामासाठी तो मनोरा उभा केला ते काम अंधार पडल्यावर सुरू होतं. त्यामुळे दिवसाचं वेळापत्रक सकाळपासून पुढे आखत जाऊ नका. सूर्यास्त धरा आणि तिथून उलटं मोजत या : संध्याकाळी रत्नदुर्ग, म्हणजे रत्नागिरीचं दीपगृह असलेला किल्ला, आणि त्याआधी सकाळी जयगड.

हा लेख सोलापूर आणि आसपासच्या मंडळींसाठी आहे. आपल्याला समुद्र लांब आहे, पण रस्ता सरळ आहे. शहरावरून जाणाऱ्या ज्या रस्त्याला आपण मिऱ्या–नागपूर महामार्ग म्हणतो, त्यातलं मिऱ्या म्हणजे रत्नागिरीचं मिऱ्या बंदर. मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी असा साधारण पावणेचारशे किलोमीटरचा मार्ग आहे.

तारीख ठरवताना पंचांग उघडा

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर हा बेत नकोच. आंबा घाटात दरडी येतात, समुद्र खवळलेला असतो आणि पावसाळी वाऱ्यात मनोऱ्याच्या सज्जावर उभं राहणं धोक्याचं आहे. मे महिन्यात हवा दमट आणि किनाऱ्यावर गर्दी. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते, क्षितिजाची रेघ नीट दिसते आणि सूर्य लवकर मावळतो, म्हणजे दिवा लागेपर्यंत थांबणं लहान मुलांनाही जड जात नाही.

महिना ठरला की तिथी बघा. घरात दाते पंचांग असेलच, ते तर आपल्याच गावचं. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागतो. दिवसात दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांना थोडं कमी अंतर असतं, आणि भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला. बोट काढायला तो पुरणार नाही, पण खडकावर कधी उतरावं आणि कधी उतरू नये हे ठरवायला पुरतो.

माझी आवडती तारीख अमावास्येच्या जवळच्या शनिवारची. चंद्र नसतो, आकाश काळंभोर असतं, आणि दिव्याचा झोत पाण्यावर फिरताना स्पष्ट दिसतो. शिवाय त्या दिवशी भरती अकराच्या सुमारास येते. म्हणजे सकाळी जयगडच्या कड्याखाली लाटा जोरात आणि संध्याकाळी रत्नागिरीला पाणी मागे गेलेलं. घरात अमावास्येला प्रवास नको म्हणणारी वडीलधारी माणसं असतील तर शुद्ध द्वितीया-तृतीया घ्या. कोर लवकर मावळते आणि अंधार तेवढाच मिळतो. फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं हे विसरू नका. पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती सौम्य.

सूर्यास्ताची वेळही पंचांगात सापडेल. रत्नागिरी आपल्या पश्चिमेला असल्याने तिथे सूर्य सोलापूरपेक्षा साधारण दहा मिनिटं उशिरा मावळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस साडेसहाच्या पुढे.

उलटा हिशेब

डिसेंबरमधला शनिवार धरू. सूर्यास्त सहाला. दीपगृहावर चढून, किल्ला पाहून, मावळतीला मोकळं उभं राहायचं तर रत्नदुर्गावर दुपारी चारला असायला हवं. त्यासाठी गणपतीपुळ्याहून अडीचला निघायचं. म्हणजे जेवण एकच्या सुमारास. त्यासाठी जयगड सव्वाबाराला सोडायचं, आणि तिथे दोन-अडीच तास हवेत म्हणून पावणेदहापर्यंत पोचायचं. हातखंबा साडेआठ, आंबा घाट सातच्या सुमारास, कोल्हापूरहून पहाटे पाचला प्रस्थान. आणि कोल्हापूरला मुक्काम म्हणजे सोलापूर शुक्रवारी दुपारी एकला सोडायचं.

रात्रभर गाडी चालवून थेट रत्नागिरी गाठायचा मोह होईल. मी तो केला आहे, आणि आता कुणालाही तसा सल्ला देणार नाही. आंबा घाट रात्री उतरण्यात धोका आहे, धुकं असतं, वळणं अवघड आहेत, आणि रुंदीकरणामुळे या मार्गावर ठिकठिकाणी वळणरस्ते भेटतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झोप न झालेला माणूस संध्याकाळी सहाला खडकावर बसून पेंगतो, आणि नेमकी तीच वेळ आपल्याला हवी असते. कोल्हापूरला गाडी लावा, तांबडा-पांढरा रस्सा खा आणि दहाला झोपा.

स्वतःची गाडी नसेल तर कोल्हापूरपर्यंत एसटीने या, कोल्हापूर ते रत्नागिरी पुन्हा एसटी. रेल्वेने कुर्डुवाडी–पंढरपूर–मिरज मार्गे कोल्हापूरपर्यंत येता येतं, पण कोल्हापूरहून पुढे कोकणात उतरणारी रेल्वे नाही. जयगडला एसटी जाते, तरी सगळं एका दिवसात बसवायचं तर रत्नागिरीतून दिवसभरासाठी गाडी ठरवणंच सोयीचं. अशा वेळी आधी रत्नागिरी, मग आरे-वारेमार्गे जयगड आणि त्याच रस्त्याने परत, असा क्रम ठेवा. रत्नदुर्ग मात्र शेवटीच.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. जाऊन-येऊन साडेसातशे, त्यात जयगडचा फेरा धरून साडेआठशे किलोमीटर. लिटरला सतरा किलोमीटर देणारी गाडी असेल तर पन्नास लिटर इंधन. त्यात टोल, दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण. दीपगृहाचं तिकीट नाममात्र असतं.

निघण्याआधी एक फोन

हे काम टाळू नका, माझी पहिली सहल यातच वाया गेली. देशातली दीपगृहं केंद्र सरकारच्या दीपगृह आणि दीपनौका महासंचालनालयाकडे आहेत, आणि हे खातं बंदर, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालयाखाली येतं. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन त्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. २८ फेब्रुवारी २०२४ ला देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचं लोकार्पण झालं. म्हणजे सरकारलाही आता तिथे लोक यावेत असं वाटतं. तरीही प्रत्येक दीपगृह हे आधी चालू कार्यालय आहे. पाहुण्यांच्या वेळा जागेनुसार आणि हंगामानुसार बदलतात, दुरुस्ती असेल तर त्या दिवशी वर सोडत नाहीत. आदल्या दिवशी चौकशी करा : उद्या उघडं आहे का, किती ते किती, वरपर्यंत जाता येईल का, कॅमेरा चालेल का. मुक्काम रत्नागिरीत ठरवला असेल तर हॉटेलवाल्यालाही विचारा, त्यांना बहुधा माहीत असतं.

ड्रोन नेऊ नका. बंदर आणि किनारी सुरक्षेचा परिसर आहे, परवानगीशिवाय उडवला तर अडचणीत याल.

पिशवीत काय

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. यात काही नवीन नाही, सोलापूरकर कुठेही निघाला तरी ही जोडी असतेच. पण एक गोष्ट अनुभवाने सांगतो : घाट उतरला की दमट हवेने कडक भाकरी दोन-तीन तासांत मऊ पडते, चामट लागते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि खाताना एकेकच काढा. चटणीला काही होत नाही.

सोलापुरी चादर कोल्हापूरच्या पहाटेसाठी आणि घाटासाठी हवीच. किनाऱ्यावर मात्र सुती सैल कपडे घाला. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो, तिथे तो अंगावरच राहतो, त्यामुळे पाणी किती कमी झालं ते कळत नाही. माणशी दोन लिटर पाणी ठेवा.

पकड असलेले बूट, टोपी असेल तर हनुवटीखाली बांधायची, मोबाईलला गळ्यातली दोरी. मनोऱ्याच्या सज्जावर वारा इतका असतो की चष्मासुद्धा सैल असेल तर दोरी लावा. विजेरी न्या. घड्याळ सेकंदकाट्याचं असेल तर उत्तम, नाहीतर मोबाईलवरचं चालेल. वही-पेन. दुर्बीण असेल तर तीही.

आंबा घाट ते जयगड

पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं की मलकापूर येईपर्यंत अंधारच असतो. घाटाच्या तोंडाशी उजाडतं. पहिल्या वळणावर घाई करू नका, दरीत धुकं साचलेलं दिसेल. खाली साखरप्याला चहा घ्या आणि तिथून रस्त्याकडेच्या मातीचा, भिंतींचा रंग बघा. आपल्याकडचा काळा पाषाण संपून तांबडा जांभा सुरू होतो. पण दोन्ही दगड एकाच घरचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आपला काळा दगड झाला. त्याच दगडाची इथल्या ऊन-पावसाने झीज होऊन वरचा थर जांभ्याचा बनला. जांभा सच्छिद्र असतो, कड्याच्या काठाशी ढासळतो. हे संध्याकाळी कामाला येणार आहे.

हातखंब्याला मुंबई–गोवा महामार्ग लागतो. तिथून रत्नागिरीकडे न जाता उत्तरेला निवळी फाट्यापर्यंत जा आणि डावीकडे वळा. पुढे जाकादेवी लागतं. तिथून एक रस्ता गणपतीपुळ्याला जातो, दुसरा खंडाळ्यावरून जयगडला. जयगडचा धरा.

जयगड म्हणजे शास्त्री नदीच्या मुखावरचं टोक. कोकणचा नकाशा आठवा : सह्याद्रीतून नद्या उतरतात, समुद्राला मिळताना खाडी होते, आणि दोन खाड्यांच्या मधे डोंगराचं नाक पाण्यात घुसलेलं असतं. खाडीत गलबतं सुरक्षित राहतात, पण तिच्या तोंडाशी खडक असतात. म्हणून जुन्या काळी त्या नाकावर किल्ला बांधला आणि नंतर त्याच नाकावर किंवा शेजारी दीपगृह आलं. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, समुद्राचा सगळ्यात मोठा तुकडा दिसणारी जागा. हर्णै, अंजनवेल, जयगड, रत्नदुर्ग, देवगड अशी नावं घेत खाली या, किल्ला आणि दिवा शेजारी-शेजारी सापडतील.

आधी किल्ला करा, ऊन चढायच्या आत. बुरुजावरून खाडी, पलीकडचं तवसाळ आणि ये-जा करणारी फेरीबोट दिसते. अर्धा-पाऊण तास पुरे.

मग दीपगृह. जयगडचा मनोरा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे, आणि माझ्या मते या सहलीतली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू तीच. लोक दगडी मनोऱ्याच्या अपेक्षेने येतात आणि दोन मिनिटांत परत फिरतात. थोडं थांबून पत्र्यांचे सांधे बघा. बिडाचे वक्र तुकडे कारखान्यात ओतायचे, जहाजाने आणायचे आणि जागेवर बोल्ट मारून एकावर एक जोडायचे, अशी ती पद्धत. जिथे चांगला गवंडी आणि दगड वर चढवायची सोय नव्हती, तिथे इंग्रजी अमदानीत असे मनोरे उभे राहिले. खाऱ्या हवेत पोलादाला गंज फार लवकर लागतो, बीड त्या मानाने तग धरतं, तरीही नेमाने रंग द्यावाच लागतो. सकाळच्या वेळी वर सोडत नसतील तर वाईट वाटून घेऊ नका. चढायचं ते संध्याकाळच्या मनोऱ्यावर. इथे बाहेरून बघण्यासारखंच जास्त आहे.

जवळच कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे, थेट समुद्राच्या काठच्या खडकावर. पायऱ्या उतरून खाली गेलं की गोमुखातून गोडं पाणी येतं आणि चार हातांवर खारा समुद्र आपटत असतो. अमावास्येचा दिवस धरून आला असाल तर अकराला इथे भरती असेल. लाट कड्यावर फुटते तेव्हा पायाखालचा दगड हलल्यासारखा वाटतो. पायऱ्यांच्या खाली उतरू नका. ओला हिरवट खडक दिसला तर तो निसरडा आहेच असं धरा. आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांना गाडीतच सांगून ठेवा. सात लाटा लहान येतात आणि आठवी मोठी, असं काही गणित नाही. मोठी लाट न सांगता येते.

जेवण आणि किनाऱ्याचा रस्ता

जयगडहून मालगुंडमार्गे गणपतीपुळे वीस किलोमीटरच्या आसपास. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, १८६६ चा जन्म, तिथे त्यांचं स्मारक आहे. वेळ असेल तर वीस मिनिटं थांबा. घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून माणसं सांगून ठेवली तर ताट वेळेवर मिळतं, नाहीतर शनिवारच्या गर्दीत तास जातो आणि संध्याकाळचा हिशेब कोलमडतो. शाकाहारी असाल तर उकडीचा मोदक, मासे खात असाल तर त्या दिवशी जे ताजं असेल ते विचारून घ्या, आणि दोन्हीकडे सोलकढी. गणपतीचं दर्शन रांग बघून ठरवा.

अडीचला निघालं की नेवरे, आरे-वारे, शिरगाव असा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता. आरे-वारेच्या चढावर गाडी बाजूला घेण्यापुरती जागा मिळते, तिथे पाच मिनिटं द्या. पाण्यात उतरू नका, तिथला समुद्र फसवा आहे आणि आता आपल्याकडे वेळही नाही.

रत्नदुर्ग

हा किल्ला घोड्याच्या नालेसारखा आहे, तीन बाजूंना समुद्र. बहामनी काळातला, १६७० मध्ये शिवरायांनी घेतलेला. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दक्षिणेच्या टेकडीवर सिद्ध बुरुज आणि तिथे दीपगृह. इथला दिवा १८६७ पासूनचा.

वडीलधाऱ्यांना देवळापाशी बसवा, सावली आणि वारा दोन्ही आहे. बाकीच्यांनी तिकीट काढून मनोऱ्याकडे.

जिना गोल फिरत जातो. एका दमात चढू नका, आणि आतल्या बाजूने चालू नका. तिथे पायऱ्या अरुंद असतात. भिंतीच्या बाजूला पाऊल पूर्ण टेकतं. शेवटचा टप्पा लोखंडी शिडीचा असतो. शिडीला तोंड करून चढायचं आणि उतरतानाही तोंड शिडीकडेच. लहान मूल असेल तर चढताना मोठ्याने मागे, उतरताना मोठ्याने पुढे, म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही मुलाच्या खालच्या बाजूला. चक्कर येणाऱ्याने शिडीच्या आधी थांबावं, तिथल्या खिडकीतूनही समुद्र दिसतो.

वर पोचलात की आधी भिंग बघा, समुद्र नंतर. तिथल्या कर्मचाऱ्याला नीट विचारलंत तर तो आनंदाने समजावून सांगतो. निदान मला तरी प्रत्येक वेळी तसाच माणूस भेटला. भिंगाला हात लावायचा नाही. बोटाचा तेलकट डाग प्रकाश पसरवतो आणि तो पुसायला त्या माणसाला वेळ घालवावा लागतो.

दीपगृहातल्या भिंगामागची कल्पना फ्रेंच अभियंता ऑगस्टीन फ्रेनेल यांची, १८२० च्या दशकातली. एवढ्या मोठ्या दिव्यासाठी एकसंध भिंग घडवलं असतं तर ते प्रचंड जाड आणि जड झालं असतं, आणि जाड काचेतच बराच प्रकाश हरवला असता. फ्रेनेल यांनी भिंगाचा फक्त वाकलेला पृष्ठभाग ठेवला आणि मधली निरुपयोगी जाडी काढून टाकली. काचेची कडी एकाभोवती एक बसवली. प्रत्येक कडं वेगळ्या कोनात घासलेलं, पण सगळी मिळून प्रकाशाला एकाच आडव्या दिशेला वळवतात. वर आकाशात आणि खाली जमिनीवर वाया जाणारा उजेडही गोळा होऊन क्षितिजाकडे जातो. आपल्या देवळासमोरची दीपमाळ आठवा : त्रिपुरी पौर्णिमेला शेकडो पणत्यांचा उजेड चहूकडे सांडतो, आणि तो तसाच सांडायला हवा. इथे एकाच दिव्याचा उजेड मुठीत धरून लांब फेकायचा असतो.

आता पडदे. माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या खेपेला मिळालं. भिंग जसं आतला उजेड बाहेर एकवटतं, तसंच बाहेरचं ऊन आत एकवटू शकतं. दिवसा सूर्य भिंगावर पडला तर आतली दिव्याची यंत्रणा जळू शकते. म्हणून दिवसभर पडदे.

जुन्या दीपगृहांत हे जड भिंग पाऱ्याच्या गोल कुंडात तरंगत ठेवत. घर्षण इतकं कमी होतं की बोटाने ढकललं तरी फिरायचं. फिरवायला घड्याळासारखं वजनाचं यंत्र होतं, मनोऱ्याच्या पोकळीतून वजन हळूहळू खाली यायचं आणि रक्षकाने रात्रीत पुन्हा पुन्हा ते चावी देऊन वर चढवायचं. दिवा तेलाचा, मग रॉकेलच्या वाफेचा, काही ठिकाणी गॅसचा, मग विजेचा. सूर्य मावळला की आपोआप गॅस सुरू करणारी झडप शोधणारे स्वीडनचे गुस्ताफ डालेन यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. आज जहाजांकडे उपग्रहावरून स्थान सांगणारी साधनं आहेत. तरी रडार बंद पडलेल्या नावेला आणि छोट्या मच्छीमार होडीला डोळ्यांनी दिसणारी खूण लागतेच.

मग सज्जावर जा. कठड्याला कंबर टेकवून उभे राहा, वाकू नका. खाली मिरकरवाड्याचं बंदर दिसेल, संध्याकाळी परतणाऱ्या नावा दिसतील. क्षितिज किती लांब आहे हे काढता येतं : समुद्रसपाटीपासून तुमच्या डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला ३.८६ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. उंची १०० मीटर धरली तर ३८.६ किलोमीटर. समोरच्या होडीतल्या माणसाचे डोळे पाण्यापासून ४ मीटरवर असतील तर त्याचं क्षितिज ७.७ किलोमीटर. दोन्हींची बेरीज सुमारे ४६ किलोमीटर, म्हणजे २५ नॉटिकल मैल. इतक्या लांबून त्याला दिवा दिसू लागेल. दीपगृहं डोंगराच्या नाकावर का बांधतात ते या एका गणितात येतं. टेकडीच उंच असेल तर मनोरा बुटका चालतो.

बंद व्हायच्या वेळेआधी खाली या आणि मावळतीसाठी बालेकिल्ल्याच्या तटावर जा. कड्याच्या टोकाशी नको. सकाळी सांगितलेला जांभा इथेही आहे, वरून घट्ट दिसतो आणि खालून पोखरलेला असू शकतो.

दिवा लागताना

सूर्य टेकला की लगेच निघा आणि गाडीने मांडवीच्या जेटीवर या. काळ्या वाळूचा किनारा, समोर पाण्यापलीकडे रत्नदुर्गाचं काळं टोक. अंधार पडण्याआधी जागा धरून बसा. मांडवीला गर्दी वाटली तर खाडीपलीकडे भाट्याच्या किनाऱ्यावरूनही दिवा दिसतो, तिथे शांतता जास्त.

पहिला झोत सगळ्यांनाच दिसत नाही, आकाशात अजून उजेड असतो. मग अचानक कुणीतरी म्हणतं, "लागला." आता वही काढा. एक चमक दिसली की घड्याळ सुरू करा, पण पुढच्याच चमकेला थांबवू नका. चमका कधी एकेकट्या येतात, कधी दोन-तीनच्या गटात. आधी दोन मिनिटं नुसतं बघून क्रम ओळखा, मग तो क्रम दहा वेळा पुरा व्हायला किती सेकंद लागले ते मोजा आणि दहाने भागा. एकदा मोजताना बोट मागेपुढे होतं, दहा वेळांत ती चूक विरून जाते.

हा आकडा म्हणजे त्या दीपगृहाची ओळख. आसपासच्या प्रत्येक दिव्याचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो. अंधारात किनारा ओळखता येत नाही, पण नाखवा चमका मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ठरवतो. भिंगाला तीन बाजू असतील आणि ते तीस सेकंदांत एक फेरा घेत असेल, तर दर दहा सेकंदांना एक चमक. भिंगाच्या बाजू आणि फिरण्याचा वेग बदलला की नवी ओळख तयार. दिवा विझत-पेटत नाही, तो सतत जळतो. फिरतं ते भिंग. हे एकदा मनात बसलं की समुद्रावरून सरकत येणारा झोत दिसायला लागतो. तो आपल्यावरून जातो त्या क्षणाला आपण चमक म्हणतो.

मुलांना मोजायला लावा. माझी मुलगी आता तेरा वर्षांची आहे. गेल्या खेपेला तिने दहाऐवजी वीस आवर्तनं मोजली, कारण दहामध्ये तिचं समाधान होईना.

एक दिवस जास्त असेल तर

शनिवारची रात्र रत्नागिरीत. रविवारी सकाळी दहापर्यंत निघालात तर घाट भर दुपारी चढता येतो आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास घरी. सोमवारी सुट्टी असेल तर रविवारी पुन्हा जयगडला जा आणि गाडीसकट फेरीबोटीने तवसाळला उतरा. पुढे हेदवी, तिथे खडकातल्या चिंचोळ्या भेगेत भरतीचं पाणी घुसून उंच उसळतं, ती बामणघळ. ती बघायची तर पाऊणपटीचा हिशेब करून भरतीलाच पोचा, ओहोटीला तिथे नुसती चीर दिसते. नंतर वेळणेश्वर, गुहागर आणि वाशिष्ठीच्या मुखावर अंजनवेलचा गोपाळगड. त्याच्याजवळ टाळकेश्वरचं दीपगृह. मुक्काम गुहागरला करा. शेवटच्या फेरीबोटीची वेळ आधी विचारून ठेवा, कारण ती चुकली तर रस्त्याने फार मोठा वळसा पडतो.

टाळकेश्वरचा आकडाही त्याच वहीत लिहा, रत्नदुर्गाच्या खाली, तारीख आणि तिथीसकट.